लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी आपली माणसं : आठवणी लिहा

साचेवाल्याची_लेक

गेल्या मंगळवारी आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका गेले. सकाळी साडेसातला मी दूध घेऊन येत होते, तर खाली पार्किंगमध्ये सामान उतरलेलं. हल्ली दुकानातून सगळा संच येतो. बांबू मापात कापलेले, कामट्या, पेंढा, मडकं, कोरं कापड, गुलाल, बुक्का, सगळं एका गोणीत आणि वर छापील यादी. चार जण तिरडी बांधायला बसले होते, तिघे आयटीतले, एक बँकेतला. बुटाच्या नाडीला मारतात तशी फुलाची गाठ मारत होते. त्यात सुतळी मध्येच संपली. दुसरा तुकडा जोडला की ओढल्यावर सुटून यायचा.

मी पिशव्या कुणाच्या तरी स्कूटरवर ठेवल्या आणि खाली बसले. दोन टोकं एकमेकांवर घेतली, अंगठ्याखाली दाबली, वेढा, फास, ओढलं. मग पहिल्या कामटीपासून पुन्हा सगळं आवळत गेले. कुणी काही बोललं नाही. बाईमाणसाने हे करायचं की नाही हा प्रश्न मला वर गेल्यावर पडला, दूध तापवताना.

ही गाठ माझ्या वडिलांची. दादा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. साच्यावर धागा तुटला की तो झटक्यात जोडावा लागतो, मजुरी कापडावर असते, साचा बंद तेवढी मजुरी बुडाली. त्यासाठी ही गाठ. बारीक बसते, ओढली की अजून घट्ट होते. दादा तीच सुतळीला मारायचे.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर २०, इमारतीत ८०. ऐंशी बिऱ्हाडांत वर्षभरात कुणी ना कुणी जायचंच, शिवाय शेजारच्या इमारतींतूनही बोलावणं यायचं. रात्री दोनला दार वाजलं की आई आतूनच विचारायची, "कोण गेलं?" दादा सदरा चढवायचे, खिळ्यावरची कोयती काढायचे, फळीवरचा सुतळीचा गुंडा घ्यायचे आणि निघायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि दादांचं नाव गिरणीच्या पटावर परत काही चढलं नाही. पुढे घर चाललं ते आईच्या खानावळीच्या डब्यांवर. दादा सकाळी डबे पोचवायचे आणि उरलेल्या वेळात लष्कराच्या भाकऱ्या भाजायचे. हे वाक्य आईचं आहे, आणि ती ते हसत म्हणायची नाही.

मी धाकटी. गुंडा धरून सुतळी सोडत राहायचं हे माझं काम. बायका स्मशानात जात नसत, पण सुतळी धरायला मला कधी कुणी नको म्हटलं नाही.

२००९ मध्ये दादा गेले. तेव्हा मी एकतीस वर्षांची, एका मुलाची आई. चाळीतली पोरं खाली बांधत होती. मी जिन्यात उभी. पुढे झाले तर, "तू आत बस, आईजवळ बस." वरून मला दिसत होतं, डाव्या अंगाची तिसरी कामटी सैल होती. उचलल्यावर ती हलली. अजूनही दादांचा चेहरा आठवायला गेले की आधी ती कामटी हलते.

तर हा धागा. वडील, नवरा, सासरे, कुणीही, ज्यांच्या दाराशी लोक हक्काने यायचे. त्यांची एखादी वस्तू, हाताची सवय, काहीही लिहा. मोठंच लिहायला हवं असं नाही.

मोगऱ्याची_वेणी

वाचलं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

चहाबाज

"डाव्या अंगाची तिसरी कामटी." इथे थांबलो आणि फोन खाली ठेवला.

नागपुरी_टांगा

वाचून राहिलो अन् डोळे पुसून राहिलो. ऑफिसात आहे बाप्पा, लोक पाहून राहिले.

आमच्या बाबांचं खातं कूलर. मार्च संपला की वस्तीतले लोक सुरू. भाऊ, टिल्लू पंप चालत नाही. भाऊ, वाळा बदलायचा आहे. भाऊ, पंखा खडखड करून राहिला. रविवारी सकाळी सहाला पक्कड, पेचकस, इन्सुलेशन टेप थैलीत टाकून निघायचे ते दुपारी दोनला, अंगावर गंजाचं पाणी. पैसे एक रुपया नाही. चहा मात्र प्रत्येक घरी, त्यामुळे जेवायला बसले की भूक नाही, मग आईचा पारा कूलरच्या वर.

आमच्या स्वतःच्या घरचा कूलर दरवर्षी १५ मेनंतर सुरू व्हायचा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागायच्या आधी लागला तरी आम्ही समाधानी. ४५ डिग्रीत आम्ही भावंडं ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपायचो आणि बाजूच्या घरातून बाबांनीच दुरुस्त केलेल्या कूलरची थंडगार घरघर ऐकायचो.

आता मी एसी लावला आहे. बिघडला की कंपनीचा माणूस येतो. त्याला चहा विचारला तर घाबरतो बिचारा.

शुद्धलेखन_प्रेमी

फार सुंदर लेखन. एक शंका, आमच्याकडे तिरडीला "ताटी" म्हणतात. तुमच्याकडे तो शब्द नाही का?

नागपुरी_टांगा

आमच्याकडे ताट्या उन्हाळ्यात दाराला लावतात अन् त्यावर पाणी मारतात. तुमच्याकडे पाहुणे आले तर जपून बोला.

शुद्धलेखन_प्रेमी

हा हा. नोंद घेतली.

मोगऱ्याची_वेणी

कुकर विसरले. पाच शिट्ट्या. वरणाची खीर झाली आहे. आता पोळ्या करून येते.

घाटातली_आजी

नात टाईप करते आहे, मी सांगते आहे.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. पाटणच्या वरच्या अंगाला कोयनेच्या खोऱ्यात मुक्कामी गाडी असायची. रात्री साडेआठला गाडी गावात पोचायची, सकाळी सहाला परत निघायची. रात्री हे आणि कंडक्टर देवळात झोपायचे. पावसाळ्यात गाडीतच, मधल्या बाकड्यांवर.

सकाळी गाडी निघताना डबे यायचे. गावातली पोरं कराडला शिकायला, वसतिगृहात राहायची, त्यांच्या आया भाकरीचा डबा गाडीत द्यायच्या. वीस-पंचवीस डबे ह्यांच्या केबिनजवळ, फडक्यात बांधलेले. स्टँडवर पोरं उभी असायची. रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीला. त्याचे पैसे एसटी घेत नव्हती आणि ह्यांनीही घेतले नाहीत. औषधं, चिठ्ठ्या, एकदा तर खुराड्यासकट कोंबडी. एकदा एका बाईने रोख पाचशे रुपये दिले, मुलाची फी म्हणून, तेव्हाचे पाचशे. ह्यांना रात्रभर झोप नाही, उशाला घेऊन बसले.

माझं म्हणणं एकच असायचं, की स्वतःच्या पोरांच्या शाळेत पालकसभेला एकदा तरी जा. कधी गेले नाहीत. ड्युटी.

ह्यांना जाऊन बारा वर्षं झाली. एक डबा घरी राहिलाय. पितळी, कल्हई गेलेली, कडी एका बाजूची तुटकी. कुणीतरी घेतलाच नाही. झाकणावर खिळ्याने कोरलंय "खोली ७". मी त्यात मोहरी ठेवते. कुणाचा असेल तर सांगा. वसतिगृह कराडचं. साल ८३-८४ असावं.

(नात : आजी म्हणते लिही की मी रडत नाहीये, कांदा चिरतेय. आज घरात शिरा आहे. कांदा कशात घालणार ते विचारलेलं नाही.)

चहाबाज

नातीला शंभर पैकी शंभर.

घाणेरी

खोली ७ वाल्या दादा, जिथे असाल तिथून या. तुमच्या डब्यात मोहरी तडतडतेय.

लातूरचा_पाहुणा

गाडीत आहे, नेटवर्क जाऊन येऊन. तुकड्यात लिहितो.

आप्पा जिल्हा परिषदेचे गुरुजी, औसा तालुक्यात, चौथीचा वर्ग. १९९३ चं अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून रात्री उशिरा परतले. घरी सगळे झोपले होते, उठवायचं कशाला म्हणून शाळेच्या ओट्यावर पडले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडची घरं माळवदाची, दोन-दोन फूट रुंद दगडी भिंती, वर मातीचा थर. भिंती बाहेर पडल्या आणि माती खाली बसली. आई आणि मी वाचलो, कडेच्या खोलीत होतो. आजी नाही वाचली.

गेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. आप्पांचा आकडा वेगळा, पट ३४, त्यातले अकरा.

शाळा पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाली तेव्हा हजेरीपट जुनाच होता, आप्पांनी ढिगाऱ्यातून काढलेला. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं घ्यायचे, चौतीस. मीही त्याच वर्गात होतो. जो नाही त्याचं नाव आलं की आम्ही उरलेली पोरं एका सुरात म्हणायचो, "गैरहजर, गुरुजी." मुख्याध्यापकांनी सांगितलं, नावं कमी करा, पट खोटा दिसतो. आप्पा म्हणाले, वर्ष संपू द्या.

मला तेव्हा वाटायचं हे काय चालवलंय. आता माझी मुलगी चौथीत आहे.

लातूरचा_पाहुणा

राहिलं. त्यानंतर आप्पा कधी छताखाली झोपले नाहीत. नवीन गावात भूकंपरोधक घर मिळालं, तरी अंगणात बाज. पाऊस आला की पडवीत पत्र्याखाली. पुढे मी लातूरला फ्लॅट घेतला, तर गच्चीवर झोपले. सोसायटीने नोटीस काढली. शेवटचे चार दिवस दवाखान्यात काढले, तेवढेच काय ते स्लॅबखाली.

साचेवाल्याची_लेक

लातूरचा_पाहुणा, काय लिहू कळत नाही. दोनदा टाईप करून पुसलं.

बाळूमामाची_मेंढी

संध्याकाळच्या वेळी असले अशुभ विषय नकोत असं वाटलं होतं. दिवा लावून मग वाचलं. सगळं वाचलं.

रक्ताची_नाती

माफ करा, जरा कडू लिहिणार आहे. या माणसांच्या बायकांचा वेगळा धागा कुणी काढणार का?

माझा नवरा रक्तदानवाला. दर तीन महिन्यांनी स्वतःचं द्यायचाच, शिवाय गावात कुणाला लागलं की याचा फोन वाजायचा. हा रात्रीबेरात्री पोरांना झोपेतून उठवून गाडीवर बसवून जिल्ह्याच्या गावी. माझी मुलगी जन्माला आली तेव्हा हा कुठे? दुसऱ्या एका बाळंतिणीसाठी रक्त आणायला. परत आला तेव्हा मुलगी सहा तासांची होती आणि हा मला म्हणतो, "ती बाई वाचली गं." मी काय म्हणायचं? आनंद झाला म्हणायचं?

२०१७ मध्ये गेला. हार्ट. पंचेचाळीसचा होता. मैतीला पाय ठेवायला जागा नव्हती, सगळे सांगत होते, देवमाणूस होता. देवमाणसाच्या घरात गॅस संपला तर सिलेंडर मीच आणायचे.

त्याची एक वही होती. गल्लीतल्या सगळ्यांचे रक्तगट, घरानुसार. नाव, वय, गट, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. गेल्यावर वर्षभराने मी ती उघडली. आमचं घर शेवटी. सासूबाई बी पॉझिटिव्ह. मुलगी ओ पॉझिटिव्ह. माझ्या नावापुढे रकान्यात लिहिलंय, "घरचीच आहे."

सात वर्षं विचार करतेय याचा अर्थ काय.

चहाबाज

ताई, आमच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अर्थ काय असायचाय, तपासलंच नसेल कधी."

रक्ताची_नाती

आईंना नमस्कार सांगा. पहिल्यांदा हसले त्या वहीवर.

नायगावचा_जुना

बीडीडी वाचून आलो. आम्ही नायगावचे. मूळ धाग्यातल्या साचेखात्यावरून एक सांगावंसं वाटतं, राग नाही, पण सांगायला हवं.

माझे आजोबा गिरणीतच होते, पण त्रासनखात्यात, सूत कातायच्या विभागात. साचेखात्यात पगार जास्त, तिथे आमच्या लोकांना घेत नसत. कारण काय, तर मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. आजोबा तेव्हा लहान होते, पण ही गोष्ट घरात पाठ होती. एकाच गिरणीत, एका भोंग्यावर आत जायचे, पण दारं वेगळी.

माझे वडील मात्र चाळीतले सगळ्यांचे. आमच्याकडे कुणी गेलं की पांढरं कापड, मेणबत्ती, त्रिशरण पंचशील, आणि ते म्हणणारे वडील. पुढे दुसऱ्यांच्या घरी गेलं कुणी तरी हेच पुढे असायचे. पास काढणं, डॉक्टरचा दाखला, महापालिकेच्या स्मशानातली नोंद, सगळी कागदपत्रं. माणूस जातो आणि घरच्यांना दाखल्यावरचं स्पेलिंग बघायचं भान नसतं. ते बघायचे. एक अक्षर चुकलं तर पुढे पेन्शन, खोली, सगळं अडतं. खिशात कायम दोन पेनं, एक लिहायला आणि एक मागणाऱ्याला.

ती दोन्ही माझ्याकडे आहेत. मागणाऱ्याचं चालतं, लिहायचं वाळलंय.

साचेवाल्याची_लेक

नायगावचा_जुना, बरं केलंत लिहिलंत ते. धोट्याचं दादांनी मला सांगितलं होतं. मी धाग्यात लिहिलं नाही, आणि का नाही लिहिलं याचा काल रात्रीपासून विचार करते आहे.

तुम्ही खरं लिहिलंत तर मीही लिहिते. दादा सगळ्या घरी जायचे, तुमच्यासारख्यांच्याही. पण परत आल्यावर आई जी घागर गॅलरीत ओतायची ती काही घरांहून आल्यावर एक आणि काही घरांहून आल्यावर दोन असायची. मी लहान होते, मला वाटायचं जास्त घाम आला असेल. दादांना कळत होतं. काही बोलायचे नाहीत, दोन्ही घागरी अंगावर घ्यायचे. नंतर कधीतरी एकच झाली. कधी, ते आठवत नाही.

नायगावचा_जुना

आमच्या आईकडेही शेजारणीसाठी वेगळा कप होता. उलट्या बाजूने. असं असतं ते.

तुमच्या इमारतीचं काय झालं? वरळीला २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या पहिल्या चाव्या दिल्या ना?

साचेवाल्याची_लेक

हो, भावाला अजून नाही मिळाली, पुढच्या टप्प्यात आहे. ५०० चौरस फूट. चाळीस मजले. दादांना लिफ्टची भीती होती, त्यांना रात्री दोनला चौतिसाव्या मजल्यावरून कुणी बोलावलं असतं तर जिन्याने गेले असते.

गिरणी कामगारांच्या घराचा फॉर्मही आईच्या नावाने भरलेला आहे. २०१२ पासून सोडती निघतात. आई दर वेळी पेपर बघते. यादीत नाव नसलं की पेपर नीट घडी करून रद्दीत.

पेन्शनर_पाटी

विषयांतराबद्दल क्षमस्व. इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. आईची फॅमिली पेन्शन आहे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. भांडी घासून घासून तिचे ठसे गेलेत, मशीनवर उमटतच नाहीत. गेल्या वर्षी तीन चकरा झाल्या. काही उपाय?

घाणेरी

आता चेहऱ्यावरून होतं. मोबाईलवर जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं ॲप, दोन्ही टाका. खिडकीसमोर उजेडात बसवा, चष्मा काढा, डोळे मिचकवायला सांगा. माझी सासू मिचकवायला लाजत होती, अर्धा तास गेला.

पेन्शनर_पाटी

खूप आभार! बाबा असते तर त्यांनीच केलं असतं, बँकेचं सगळं तेच बघायचे. आईच्या एटीएमचा पिन अजून त्यांच्या गाडीचा नंबर आहे.

शुद्धलेखन_प्रेमी

कृपया पिन इथे लिहू नका.

पेन्शनर_पाटी

नंबर कुठे लिहिला?

चहाबाज

गाडी फेसबुकवर आहे का तुमच्या?

पेन्शनर_पाटी

... पिन बदलायला निघालो.

वास्कोचो_पोर

माझी मराठी कोंकणी वळणाची, सांभाळून घ्या.

वास्कोत दामोदराचा सप्ताह असतो, श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू. चोवीस तास अखंड भजन. गावात प्लेगची साथ आली होती तेव्हापासून, शंभराहून जास्त वर्षं झाली. आमचे पप्पा बंदरात क्लार्क, आणि पेटी वाजवायचे. त्यांची वेळ पहाटे तीनची. ती वेळ कुणाला नको असते, झोप अनावर होते, गळे बसलेले असतात. पप्पा म्हणायचे मला चालते.

सगळ्यांना वाटायचं पप्पा म्हणजे पेटीतले मास्टर. गल्लीतली पोरं शिकायला यायची.

दोन वर्षांमागे वारले. मग पेटी दुरुस्तीला दिली. कारागिराने फोन केला, म्हणाला, बाब, हे पुसू की ठेवू? जाऊन बघतो तर पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, जिथे बोटं टेकत नाहीत, निळ्या शाईने आकडे. एक, दोन, तीन, चार. काही पट्ट्यांवर भजनांची पहिली अक्षरं. पप्पांना सूर ओळखू येत नव्हते म्हणे, मावशीने मग सांगितलं, लहानपणापासून असंच पाठ केलेलं. पहाटे तीनची वेळ का मागून घ्यायचे ते तेव्हा समजलं. ऐकणारे सगळे पेंगत असायचे.

पुसू नको म्हटलं.

लातूरचा_पाहुणा

वास्कोचो_पोर, हे फार आवडलं. हसलो आणि बायकोला वाचून दाखवलं. पोचलो घरी.

सिंगापूरची_पाटी

मी हा धागा तीन दिवस वाचतेय, लिहू की नको करत.

बाबा ठाण्यातल्या सोसायटीचे सेक्रेटरी, बावीस वर्षं. दुसरं कुणी उभंच राहायचं नाही. टँकर, मोटर, लिफ्टचा करार, गच्चीची गळती, भाडेकरूंची पोलीस नोंद. एप्रिल २०२१ मध्ये गेले. तेव्हा अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. आली पाच. बिल्डिंगमध्ये ५६ फ्लॅट. दोष कुणालाच देत नाही, सगळे घाबरलेले होते. खांदा दिला तो चार अनोळखी लोकांनी, पांढरे पोशाख, चेहरे दिसत नव्हते. मी फोनवर पाहत होते. मध्येच चित्र अडकलं. भावाचा हात कॅमेऱ्यावर, तेवढंच. परत सुरू झालं तेव्हा सगळं झालेलं होतं.

तिरडी कुणी बांधली, बांधली का, काहीच माहीत नाही. मूळ धागा वाचल्यावर पहिल्यांदा हा प्रश्न पडला.

बाबांचा फोन आईने बंद केला नाही. त्यांचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपवर चालू ठेवलं होतं, फोटो उतरवून घ्यायला. तर मेसेज येत राहिले. "साहेब, बी विंगला पाणी नाही." "साहेब, मोटर जळाली वाटतं." नवीन वॉचमनला कुणी सांगितलंच नव्हतं की साहेब गेले. मला सांगवेना. मग मी बाबांच्या व्हॉट्सॲपमधून टँकरवाल्याचा नंबर काढला आणि सिंगापुरातून फोन करून टँकर मागवला. असे तीन महिने. सोसायटीच्या सभेत म्हणे कुणीतरी म्हणालं, बाबा गेल्यानंतरही पाण्याचं काम किती व्यवस्थित चाललंय.

रक्ताची_नाती

सिंगापूरची_पाटी, तुला एक घट्ट मिठी. आणि त्या सोसायटीला बिल पाठव.

सिंगापूरची_पाटी

आयएसडीचं? पाठवते!

साचेवाल्याची_लेक

सिंगापूर, तुला उत्तर द्यायचं म्हणून पहाटे उठून बसले आहे. त्या दिवसांत बहुतेक ठिकाणी बांधत नव्हते, गाडीतून थेट न्यायचे. म्हणजे सैल काही राहिलं नाही, एवढंच मला सांगता येतंय. हे बरोबर बोलले का, माहीत नाही.

सिंगापूरची_पाटी

बरोबर बोललात.

नागपुरी_टांगा

आजी, खोली ७ चं काही कळलं का? आमच्या घरी आता रोज जेवताना विचारतात.

कराडचा_कार्टा

मी पहिल्यांदाच लिहितोय इथे, खाते आजच उघडले, चूकभूल द्यावी. माझे चुलते ८२ ते ८५ कराडला वसतिगृहात होते आणि डबा एसटीनेच यायचा. त्यांना फोन लावला. खोली ७ म्हटल्यावर आधी पाच मिनिटे हसले. म्हणाले, खोली ७ ला कुणाचाही डबा टिकायचा नाही, तिथली पोरं दुसऱ्यांचे डबे पळवायची आणि ओळखू येऊ नये म्हणून झाकणावर स्वतःच्या खोलीचा नंबर कोरायची. तेव्हा डबा खोली ७ चा नसणार. चोरीचा माल आहे.

ड्रायव्हरकाका मात्र आठवतात म्हणाले. स्टँडवर गाडी लावली की आधी खिडकीतून डबे, मग प्रवासी. एकदा चुलत्यांचा डबा आला नव्हता, आजी आजारी होती. काकांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि मिरचीचा खरडा कागदावर दिला. खरडा भलताच तिखट होता, तेही आवर्जून सांगा म्हणाले.

घाटातली_आजी

(नात : वाचून दाखवलं. आजी बराच वेळ गप्प होती.)

खरडा माझ्या हातचा. मिरच्या वाटायच्या नाहीत, तव्यावर तांब्याने रगडायच्या, लसूण आणि मीठ घालून. मग तिखट होणारच. चुलत्यांना म्हणावं घरी या, आता कमी तिखट करते, पोटाला सोसत नाही.

आणि ह्यांचा डबा रोज रिकामा यायचा, तरी घरी आल्यावर एवढी भूक का असायची, ते आता कळलं. मला वाटायचं भाकरी कमी पडते.

घाणेरी

मग चोरीच्या डब्यातली मोहरी आता कुठे ठेवणार?

घाटातली_आजी

तिथंच राहू दे. चोर सापडला तर बघू.

मोगऱ्याची_वेणी

पहिल्या दिवशी लिहिते म्हटलं ते राहूनच गेलं, रोज उघडते आणि काहीतरी निघतं. आज आमच्याकडे ह्यांची तिथी. पानं वाढायची आहेत, कावळा अजून शिवायचा आहे, वड्याचं पीठ जरा सैल झालंय. उद्या लिहिते.